रंग आधी की जोडणी आधी? (१/७२ स्पिटफायर, मग १/३५ टी-३४)

कोरा_खोका

समोर १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) स्पिटफायर मार्क १ विमानाचं प्लास्टिक मॉडेल किट आहे, त्यानंतर १/३५ चा टी-३४/८५ रणगाडा रांगेत आहे. पत्रकात पहिल्या पायरीपासूनच रंगांचे आकडे दिलेत. सीटला हा, कंट्रोल स्टिकला तो, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) टोकाला पिवळा. पण पुढे फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन अर्धे भाग चिकटवले की सांध्यावर घासकाम आलंच, म्हणजे आधी दिलेला रंग गेला. आणि सगळं जोडून मग रंगवायचं तर कॉकपिटमध्ये ब्रश शिरत नाही. काही लोक स्प्रूवरच (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच) सगळे पार्ट रंगवून टाकतात, काही जण अख्खं विमान जोडून मग बाटली उघडतात.

नेमकं काय, कधी रंगवायचं? एअरब्रश ०.३ चा आहे, रंग टामियाचे अ‍ॅक्रिलिक, सिमेंट टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन.

सांधेजोड

पत्रकातला क्रम जोडणीचा असतो, रंगाचा नसतो. कुठल्या पार्टला कुठला रंग, एवढंच ते आकडे सांगतात. कधी रंगवायचं हे सांधा ठरवतो.

प्रत्येक पार्ट हातात घेतला की आधी बघा, याच्यावरून घासावा लागेल असा सांधा जातोय का? जात असेल तर सांधा आधी, रंग नंतर, अपवाद नाही. फ्यूजलाज, पंख, इंधनटाक्या, बॉम्ब, दोन अर्ध्यांची चाकं, रणगाड्याच्या तोफेची नळी हे सगळं यात आलं. सांधा नसेल किंवा लपणारा असेल तर दुसरी गोष्ट बघा: जोडल्यावर तिथे ब्रश किंवा फवारा पोचेल का? नाही पोचणार तर आधी रंग. पोचत असेल पण शेजाऱ्यापेक्षा रंग वेगळा असेल, तर मास्किंग (टेपने झाकणं) सोपं की पार्ट सुटा ठेवणं सोपं, तेवढंच पाहायचं.

स्पिटफायरला लावून बघा. कॉकपिटचा तळ, सीट, मागची भिंत, इन्स्ट्रुमेंट पॅनल आणि फ्यूजलाजच्या दोन्ही अर्ध्यांची आतली बाजू, एवढंच आधी. हम्ब्रोल ७८ किंवा जो काही राखाडी-हिरवा असेल तो, त्यावर पातळ काळपट वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग), कडांवर कोरड्या ब्रशचा हलका हात. फार जीव काढू नका. या स्केलला हुड (कॉकपिटवरची सरकती काच) बंद बसवलं तर सीटची पाठ आणि स्टिकचं टोक याखेरीज काही दिसत नाही.

मात्र हा रंग देताना फ्यूजलाजच्या कडेची जाडी कोरी राहिली पाहिजे. एक्स्ट्रा थिन हा गोंद नाहीच. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. मध्ये रंगाचा थर असला की तो रंगच विरघळवतो, सांध्यात राखाडी-हिरवी राड होते आणि वाळल्यावर नखानेही सांधा उघडतो. आतून फवारण्याआधी कडांवर १ मिमीची टेपची पट्टी लावा. राहिलंच तर ब्लेडची पाठ कडेवरून ओढायची, पांढरं प्लास्टिक दिसेपर्यंत. कॉकपिटचा तळ ज्या खाचांत बसतो त्या खाचाही अशाच कोऱ्या हव्यात. अलीकडच्या किटांत पार्ट इतके घट्ट बसतात की प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) आणि रंगाचे दोन हात मिळूनही तळ जरा वर राहतो, मग फ्यूजलाज मिटत नाही. रंग देण्याआधी एकदा आणि दिल्यावर एकदा, दोन्ही वेळा सिमेंट न लावता बसवून बघा.

फ्यूजलाज मिटताना सिमेंट लावून हलकं दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर आला पाहिजे, तीच तुमची पुट्टी. २४ तास हात लावू नका, मग ४००, ६००, १००० चा पॉलिश पेपर. घाईने दोन-तीन तासांत घासलं तर त्या दिवशी गुळगुळीत दिसतं, पण आतलं मऊ प्लास्टिक आठवड्याभरात आकसतं आणि रंगाखालून सांध्याची रेघ पुन्हा वर येते.

रणगाडा_३५

विमानाचं वरच्यांनी सांगितलंच आहे. टी-३४ ला हिशोब उलटा लागतो, कारण बहुतेक सगळं एकाच हिरव्या रंगात आहे. हल (खालचं धड), टरेट (वरचा फिरता बुरूज), हॅच (झाकणं), टाक्या, हँडल सगळं जोडून टाका. सुटे ठेवायचे ते फक्त चाकं, पट्टे आणि टरेट. टरेट नुसतं ठेवलेलंच असतं.

चाकं का सुटी, तर टी-३४ ची रोडव्हील मोठी आहेत, एका बाजूला पाच, आणि ती बसली की मागची हलची भिंत फवाऱ्याला दिसत नाही. तिथे प्लास्टिक उघडं राहिलं तर बाजूने बघताना चाकांच्या फटीतून चमकतं. खऱ्या चाकाचा व्यास ८३० मिमी, म्हणजे १/३५ मध्ये साधारण २३.७. कडेला रबर आहे. प्रत्येक रबर ब्रशने रंगवत बसू नका. अख्खं चाक आधी काळपट राखाडी करा (निखळ काळा नको, टामियाचा एक्सएफ-६९ किंवा एक्सएफ-८५ चालेल), मग स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या गोलांच्या टेम्पलेटमधलं रबराच्या आतल्या कडेएवढं भोक चाकावर धरून हिरवा फवारा. सगळी चाकं पंधरा मिनिटांत होतात. गडद आधी, हिरवा नंतर. उलट केलं तर मधल्या हिरव्या चकतीला मास्क लावावा लागतो आणि तो नीट बसत नाही.

पट्टे सुट्या कड्यांचे असतील तर चाकं अ‍ॅक्सलवर सिमेंटशिवाय ब्लू टॅकवर (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्यावर) बसवा, पट्टा जोडून अर्ध्या तासात मऊ असतानाच चाकांभोवती वळवा, वरच्या बाजूला कापसाचे बोळे दाबून झोळ द्या आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्टा एक-दोन तुकड्यांत सुटा निघतो, रंगवून परत घालता येतो. अखंड लवचिक विनाइलचा पट्टा असेल तर त्यावर इनॅमल देऊ नका, कित्येकदा तो चिकटाच राहतो. अ‍ॅक्रिलिक द्या.

हलवरची फावडी-कुऱ्हाडी जागेवर जोडून नंतर ब्रशने रंगवा. सुटी रंगवून लावली की खाली हमखास पांढरी फट किंवा सिमेंटचा चकचकीत डाग दिसतो.

देठ_कापे

स्प्रूवर रंगवण्याला इथे सगळे नावं ठेवणार हे माहीत आहे, पण सरसकट चूक नाही. चूक होते ती देठाच्या जागी. स्प्रूला जोडलेला देठ कापला की तिथे पांढरा ठिपका उरतो, तो घासला की भोवतीचा रंगही जातो. शिवाय साच्याची बारीक रेघ पार्टच्या भोवती फिरलेली असते, ती रंगाआधीच खरवडावी लागते. चाकांच्या दांड्यांवर ती रंगानंतर जास्तच उठून दिसते.

मधला रस्ता आहे. पार्टचे सगळे देठ कापा, एक सोडून. तो एक असा निवडा की जोडणीनंतर लपेल. त्याच्यासोबत स्प्रूचा २-३ सेंटीमीटरचा तुकडा राहू द्या. मग रेघ खरवडा, घासा, रंगवा. स्प्रूचा तुकडा मुठीसारखा धरता येतो. चाकांच्या दांड्या, रेडिएटर, पिटो ट्यूब, सीट सगळ्याला हे चालतं. लपणारा देठच नसेल तर पार्ट पूर्ण सुटा करून साफ करा आणि जोडाच्या टोकाला टूथपिक लावा, भोक असेल तर टोचून, नसेल तर ब्लू टॅकने. टूथपिका थर्माकोलमध्ये खोचून ठेवायच्या. जे टोक झाकलं गेलं ते कोरं राहिलं, म्हणजे जोडायलाही तयार.

रंगावर फेविक्विक लावून चाक बसवणाऱ्यांसाठी: फेविक्विक रंगाला धरतो, प्लास्टिकला नाही. पुढे चाक निखळतं तेव्हा टोकाला रंगाचा पापुद्रा लटकलेला असतो. दांडीचं टोक आणि भोक दोन्ही खरवडा.

कोरा_खोका

बरंच सुटलं, आभार. तीन गोष्टी अडल्या. पत्रकात पंख्याचा दांडा फ्यूजलाज मिटायच्या आधीच आत अडकवायला सांगितलाय. मग पंखा पूर्ण वेळ समोर येत राहणार? एक्झॉस्टचंही तेच, आतून बसवायचे आहेत. आणि काच (कॅनपी) रंगाआधी लावायची की नंतर?

सांधेजोड

पंखा आधी अडकवू नका. दांड्याच्या मागे जी चकती त्याला आत धरून ठेवते ती कापून टाका. दांडा भोकात नुसता सरकला पाहिजे. भोक सैल वाटलं तर फ्यूजलाज मिटण्याआधी आतून प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चिकटवा. पंखा अगदी शेवटी.

एक्झॉस्टला आतली पट्टी कापून पार्ट बाहेरून खाचेत बसतो का बघा. बहुतेक वेळा थोडं घासलं की बसतो. मग खाचेच्या मागे आतून अर्धा मिमी प्लास्टिक शीटचा तुकडा चिकटवून टेकू द्या, नाहीतर शेवटच्या दिवशी एक्झॉस्ट नाकात पडेल आणि विमान हलवलं की खुळखुळेल. ही सगळी कामं फ्यूजलाज उघडं आहे तोवरच होतात, म्हणून पत्रक आधी शेवटपर्यंत वाचून काय-काय "नंतर" ठेवायचं त्यावर पेन्सिलीने गोल करा.

काच आधी. विंडस्क्रीनचा फ्यूजलाजशी सांधा असतो आणि तो खऱ्या विमानात फटीसारखा दिसत नाही. म्हणून ती लावून, फट भरून, मास्क करून मग बाहेरचा रंग. फ्रेमवर आधी आतला राखाडी-हिरवा फवारा, त्यावर बाहेरचा. आतून पाहिलं की फ्रेमची आतली बाजू आपोआप योग्य रंगाची दिसते, आत ब्रश घालायची गरज नाही. लावायला फेव्हिकॉल एमआर किंवा कुठलाही पांढरा पाण्याचा गोंद. ओला असताना फटीत भरून ओल्या इअरबडने पुसला की पुट्टीचंही काम करतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. फेविक्विक काचेजवळ नकोच. त्याची वाफ आतून बसते आणि काच दुधाळ होते. काच चिकटवण्याआधी आतली बोटांची छाप पुसा, नंतर तिथे कुणाचाच हात पोचणार नाही.

हुड उघडं दाखवायचं असेल तर ते टेपवर ठेवून वेगळं रंगवा आणि कॉकपिटच्या तोंडात स्पंजचा तुकडा किंवा ओला टिश्यू कोंबा. नुसती टेप लावली तर कडेखालून फवारा आत शिरतोच.

ब्रशवाली

एअरब्रश नसणारेही हे वाचत असतील म्हणून. ब्रशने रंगवताना सुटे पार्ट जास्त ठेवले तरी चालतं, कारण मास्किंगच फारसं नसतं. पण टामियाच्या एक्सएफ बाटल्या ब्रशला त्रास देतात. त्यातलं अल्कोहोल खालचा हात पुन्हा उचलतं, दुसरा हात फिरवला की पहिला गोळा होऊन निघतो. तोच रंग वापरायचा असेल तर रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब, एका दिशेने एकच ओढ, परत त्यावर फिरवायचं नाही आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी. वालेहोसारखे पाण्याचे रंग ब्रशला सोपे. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक आडव्या-उभ्या दिशेत. फक्त त्यांना खाली प्रायमर लागतोच, नाहीतर टेप काढताना पोपड्यासकट येतात.

आणि पार्ट धुवा. साच्यातून सुटायला लावलेलं तेल काही स्प्रूंवर असतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, जुना टूथब्रश, चहाच्या गाळणीवर ठेवून. गाळणीशिवाय केलं तर पिटो ट्यूब मोरीत.

दमट_हवा

कोरा_खोका, तुम्ही मुंबई-कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर हेही "कधी" मध्ये धरा. लॅकर (टामिया एलपी, मिस्टर कलर, डब्यातले टीएस स्प्रे, मिस्टर सरफेसर) झपाट्याने उडतात, उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी रंगात अडकतं. वर पांढुरकी धुरी येते. जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा हे चकचकीत काळ्यावर लगेच दिसतं, मॅटवर कळतही नाही आणि मग डेकलखाली (पाण्यात भिजवून लावायच्या चित्रांखाली) उमटतं. अशा दिवसांत जोडणी, घासकाम, कॉकपिट उरकून घ्या आणि बाहेरचा रंग उघडिपीला ठेवा. थांबवत नसेल तर एसीच्या खोलीत तासभर मॉडेल, रंग, थिनर सगळं ठेवून मग फवारा, आणि साध्या थिनरऐवजी सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर घ्या. धुरी आलीच तर त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा दिला की बहुतेक वेळा निघते. कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप दर दहा मिनिटांनी रिकामा करा, नाहीतर पंखावर थुंकी उडते.

मास्किंग कधी लावायचं याची साधी खूण म्हणजे नाक. पार्ट नाकाशी धरा. थिनरचा वास येत असेल तर रंग आत ओला आहे, टेप लावू नका. टामिया अ‍ॅक्रिलिक दहा मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण टेप दुसऱ्या दिवशी. इनॅमलला दोन-तीन दिवस. पावसाळ्यात त्यात एक दिवस मिळवा.

थरांचाही क्रम आहे. लॅकर खाली, त्यावर अ‍ॅक्रिलिक, त्यावर इनॅमल वॉश. उलटं केलं, म्हणजे इनॅमलवर लॅकर मारला, की खालचा रंग सुरकुततो.

कोरा_खोका

क्रम लिहून काढलाय, कुणी तपासून द्या:

आज कॉकपिट आणि फ्यूजलाजची आतली बाजू, कडा टेपने झाकून. उद्या बसवून बघून फ्यूजलाज मिटणे, वरचे दोन पंख खालच्या सलग पंखाला, सगळं २४ तास. मग घासणे, पंख-फ्यूजलाज जोड, शेपटी. काच लावून मास्क, फ्रेमवर राखाडी-हिरवा. राखाडी प्रायमर, सांधे तपासणे. फ्रेमवर राखाडी-हिरवा. खालून एक्सएफ-२१ स्काय, मास्क, वर एक्सएफ-५२ (मातकट), मास्क, एक्सएफ-८१ (गडद हिरवा). ग्लॉस वार्निश, डेकल, वॉश, मॅट वार्निश. चाकं-दांड्या-एक्झॉस्ट-पंखा वेगळे रंगवून शेवटी. काचेचे मास्क सगळ्यात शेवटी. पंख्याची पाती काळी करून टोकं पिवळी.

देठ_कापे

दोन दुरुस्त्या. प्रायमर दिल्यावर सांध्यात रेघ दिसणारच, म्हणून "तपासणे" हा एक दिवस नाही, दोन धरा: प्रायमर, दुरुस्ती, पुन्हा प्रायमर. मिस्टर सरफेसर १००० पुरेसा. चाकांच्या खोबणींना पत्रकात खालच्याच रंगाचा आकडा असेल तर त्या स्कायसोबतच होतात, वेगळं काही नको. फक्त दांड्यांची भोकं टूथपिकच्या तुकड्याने बुजवा.

रणगाडा_३५

पाती उलटी. आधी टोकाला पांढरा, त्यावर पिवळा, मग टोक टेपने झाकून काळा. काळ्यावर पिवळा मारायला गेलात तर चार-पाच हातांनीही हिरवटच दिसतो आणि टोक जाड होतं. पिवळी पट्टी खऱ्या विमानावर ४ इंचांची, म्हणजे १०१.६ भागिले ७२, साधारण १.४ मिमी. टेप काचेवर चिकटवून, स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडने १.४ ची चिंधी कापा आणि तीच तिन्ही पात्यांना वापरा. टोक गोल आहे, तेव्हा चिंधी बाहेरच्या टोकापासून न मोजता पंख्याच्या मध्यापासून मोजून लावा. नाहीतर पंखा हाताने फिरवला की तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या वर्तुळांत फिरताना दिसतात.